पहिल्याचं कोपर

"बाबा, असं काय दाराशीच उभे राहिलात? आत या की!" लेकीनं दंडाला धरून त्याला खोलीत ओढलं, आणि म्हाताऱ्या शिंप्यानं समोरच्या भिंतीवर स्वतःला पाहिलं.

जमिनीपासून छतापर्यंत तो एकटाच. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, ओठांना ट्रंपेट आणि टरटरून फुगलेले दोन्ही गाल. वय असेल तीस-बत्तीस. कोटाचं एकेक बटण आता बशीएवढं झालं होतं, आणि ती बटणं त्यानंच लावलेली असल्यामुळे त्याची नजर आधी तिकडेच गेली. वरून तिसरं बटण किंचित तिरकं होतं. चाळीस वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता या पलंगावर झोपायला येणारा प्रत्येक जण ते बघणार होता.

"कसंय?" लेकीनं विचारलं. ती याच हॉटेलात खोल्यांची साफसफाई बघायची. निळा एप्रन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू खोली तिच्याच नावावर झाली आहे.

"मोठं आहे," शिंपी म्हणाला.

हॉटेलवाल्यांनी तिसऱ्या मजल्यावरची एकेक खोली शहराच्या जुन्या गोष्टींना वाहिली होती. एक बंद पडलेल्या गिरणीला, एक नदीवरच्या नावाड्यांना, आणि ही शहराच्या बँडला. ढोलाचं टेबल केलं होतं. दोन बिगुलांच्या पोटात दिवे बसवले होते. पलंगपोस गणवेशाच्या लाल रंगाचा, कडेनं सोनेरी फीत. शिंप्यानं फीत चाचपून पाहिली. शिवलेली नव्हती, चिकटवलेली होती. दोन धुण्यांत हातात येईल, त्याच्या मनात आलं.

मग त्यानं फोटोखालची पितळी पाटी वाचली. 'शहराच्या बँडचा पहिला ट्रंपेट', आणि त्याखाली त्याचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठसठशीत.

"अगं, हे काय लिहिलंय?"

"तुमचं नाव, बाबा! मीच लिहून दिलं. फोटोही मीच दिला ना, ट्रंकेतला." लेकीचे डोळे भरून आले. "आयुष्यभर मशीन चालवलंत, कुणी विचारलं नाही. आता बघा म्हणावं."

आता यात घाम फुटण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. माणसाचं कौतुक झालं तर माणसानं हसावं, दोन शब्द बोलावेत, चहा प्यावा. पण गोम अशी होती की शिंप्यानं जन्मात कधी ट्रंपेट वाजवलं नव्हतं. एक सूर नाही. अर्धा नाही.

तो बँडमध्ये गेला तोच मुळी माप घ्यायला. बँडमास्तरांनी वीस गणवेश शिवायला टाकले, आणि वाजवणारे निघाले चौदा. "वीस माणसांचा बँड म्हणजे बँड," मास्तर म्हणायचे, "चौदांचं म्हणजे नुसतं भांडण वाटतं." लोक बँड ठरवताना डोकी मोजायचे, सूर कोण मोजतो? म्हणून प्रत्येक बँडमध्ये चार-सहा माणसं नुसती वाद्य धरून चालायची. त्यांना 'मुके' म्हणत. शिंप्यानं नमुन्याचा कोट स्वतःच्या अंगावर चढवून दाखवला, तर मास्तरांनी त्याला मागून-पुढून बघितलं आणि म्हणाले, "वा! आता गाल फुगव बघू." त्यानं फुगवले. झाली भरती.

त्याच्या ट्रंपेटच्या तोंडात बूच ठोकलेलं असायचं. न जाणो, भर मिरवणुकीत शिंक आली तर! तेव्हापासून सव्वीस वर्षं तो चालला. लग्नांत, मिरवणुकांत, रविवारी बागेतल्या चौथऱ्यावर, आणि किती जणांच्या अंत्ययात्रेत. बाकीचे मुके चालता चालता जांभया द्यायचे, ओळखीच्यांना डोळे मारायचे. यानं कधी तसं केलं नाही. काम म्हणजे काम. शेजारी चालणाऱ्याची बोटं बघून हा आपली बोटं तशीच कळांवर नाचवायचा, इतकी बिनचूक की नवख्याला फरक कळू नये.

शेजारी चालायचा तो पहिला. पहिला ट्रंपेट वाजवणारा म्हणून सगळे त्याला पहिलाच म्हणत. हडकुळा, कानामागे कायम पेन्सिल, दिवसा छापखान्यात खिळे जुळवायचा. आणि वाजवायला लागला की चालणारी माणसं थांबायची. ढोलाचा गडगडाट असो की गर्दीचा कालवा, त्याचा सूर सुईसारखा आरपार जायचा.

तर, फोटोत नेमका हा मुकाच का आला, तेही सांगायला हवं. खरा वाजवणारा फोटोत वाजवतोय असं वाटतच नाही. त्याचे गाल फुगत नाहीत. हवा पोटातून येते, ओठांशी आवळली जाते, चेहरा शांत. गाल फुगतात ते ज्याला येत नाही त्याचे. बँडवाल्याला हे सांगावं लागत नाही. पण खोली सजवणाऱ्या बाई बँडवाल्या नव्हत्या. त्यांनी वीस जणांचा फोटो पाहिला, सगळ्यांत जीव तोडून वाजवणारा माणूस निवडला, आणि बाकीचे एकोणीस कापून टाकले.

एकोणीस म्हणजे अगदी एकोणीस नाही. शिंपी भिंतीच्या डाव्या कडेला गेला. तिथे, पडद्याच्या चुण्यांजवळ, लाल बाहीचं एक कोपर उरलं होतं. कोपराला ठिगळ होतं, आणि ठिगळाचा दोरा बाहीपेक्षा जरासा गडद. पहिला घरी खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून रियाज करायचा, बाही तिथे विरायची. ते ठिगळ शिंप्यानं दिव्याखाली बसून लावलं होतं आणि तेव्हा दुकानात नेमका त्या रंगाचा दोरा नव्हता.

त्याला एकदम भडभडून आलं. सव्वीस वर्षं ज्याच्या बोटांवर आपण जगलो, त्याचं एवढंच राहिलं?

"आवडली ना खोली?" मॅनेजर आत आला. तरतरीत पोरगा, वागायला चांगला. "आणि काका, खरी गंमत तर पुढेच आहे." त्यानं फोटोच्या बाजूचं बटण दाखवलं. "हे दाबलं की बँड वाजतो. तुमचाच! ती जुनी कॅसेट मिळाली ना, त्यातलं घेतलंय. आणि मूळ कॅसेट ही बघा, काचेत पक्की बसवलीय."

ती कॅसेट पहिल्याच्या बायकोची होती. पहिला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि बागेतल्या एका रविवारी कुणीतरी टिपलेली ती एकच कॅसेट त्याच्या सुराची खूण उरली होती. शिंप्याच्या घरापासून दोन दारं सोडून ती राहायची. डोळ्यांत पडदा आलेला. माणूस समोर आला की सावली हलल्यासारखं दिसायचं, तेवढंच. हॉटेलची माणसं दारावर आली तेव्हा तिनं कॅसेट काढून दिली, पण आधी शिंप्याला हाक मारून घेतली. "भाऊजी, ह्यांचं नाव घालतील ना हो तिथे?" आणि शिंप्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "वहिनी, मी आहे ना. मी बघतो."

"साहेब," शिंपी आता म्हणाला, "हा फोटो माझा आहे. पण मी वाजवत नव्हतो."

मॅनेजर मोठ्यानं हसला. "मोठी माणसं असंच बोलतात!" त्यानं लेकीकडे बघितलं, आणि लेकही हसली, अभिमानानं.

पुढे काय बोलणार? लेक लहान असताना बागेच्या कठड्यावर बसून पाय हलवत बघायची. शाळेत सांगायची, माझे बाबा ट्रंपेट वाजवतात. बायकोला खरं ठाऊक होतं, तीही बोलली नाही. त्यानं तेव्हा मूग गिळले ते गिळलेच. आज सांगू, उद्या सांगू करता करता लेक पंचेचाळीसची झाली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच हॉटेलात गेला. मॅनेजरच्या खोलीत बसून त्यानं सगळं सांगितलं. मुके म्हणजे काय, बूच म्हणजे काय, पहिला कोण होता. सांगताना कान तापले, पण सांगितलं. शेवटी म्हणाला, "फोटो राहू द्या हवा तर. पाटीवर त्याचं नाव घाला. कॅसेट त्याची, सूर त्याचा. मी म्हणजे साहेब, आयत्या बिळावर नागोबा झालोय."

मॅनेजर या वेळी हसला नाही. बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिला.

"काका, परवा उद्घाटन आहे. पुस्तिका छापून आल्यात. मालकांनी पेपरवाल्यांना तुमची गोष्ट सांगितलीय. शिंपी आणि ट्रंपेट, लोकांना फार आवडतंय ते." मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि माहिती तुमच्या मुलीनं लेखी दिलीय, तिच्या सहीनं. पुढच्या महिन्यात ती कायम होतेय. आता मी वर जाऊन काय सांगू, की तिनं खोटं लिहून दिलं?"

"तिला माहीत नाही हो!"

"मला कळतंय. पण वरच्यांना कसं कळणार?"

तो धमकी देत नव्हता, हेच तर अवघड होतं. धमकी दिली असती तर शिंपी भांडला असता. पोरगा खरोखरच कळवळून बोलत होता, आणि बाहेर व्हरांड्यात लेक चादरींचा गठ्ठा घेऊन कुणालातरी सांगत होती, "माझे वडील आलेत, साहेबांना भेटायला." शिंपी उठला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायला जागा म्हणाल तर तीही नाही.

घरी परतताना वहिनी दारातच होती. पावलांवरून ओळखलं तिनं.

"भाऊजी, परवा मी येणार हां. साडी काढून ठेवलीय."

"गर्दी असेल वहिनी. मागाहून निवांत नेतो ना मी तुम्हाला."

"मागाहून? मागाहूनचं काय खरं आहे का माझं! नाव घातलंय ना त्यांनी?"

शिंप्यानं घसा खाकरला. "पितळेची पाटी आहे," तो म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

उद्घाटनाच्या दिवशी त्यानं एक युक्ती योजली. मालकांची भाषणं खाली दिवाणखान्यात होती. ती चालू असतानाच वहिनीला वर न्यायचं, खोली दाखवायची आणि लोक यायच्या आत खाली आणायचं. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

खोलीत लेक पलंगपोसाची सुरकुती काढत होती. "काकू, तुम्ही! या या," ती म्हणाली.

वहिनी खोलीच्या मधोमध उभी राहिली. मान वर करून तिनं लाल रंगाचा तो डोंगर बघितला. "केवढं मोठं केलंय हो! हेच का?"

शिंप्यानं तिचा हात धरला आणि तिला भिंतीच्या डाव्या कडेला नेलं. तिची बोटं त्यानं कोपरावर ठेवली. "हे बघा. इथे."

"कोपर का हे?" ती हसली. "ठिगळ असेल बघा. कट्ट्यावर घासून घासून..." आणि मग तिचा हात बाहीवरून पुढे सरकला. कोपराला लागूनच दुसऱ्या कोटाचा लाल रंग सुरू होत होता; शिवण दिसत नव्हती, निदान तिला तरी नाही. हात खांद्यावर गेला, तिथून टाचा उंचावून गालावर. शिंप्याच्या गालावर. ती तळव्यानं तो कागद हळूहळू कुरवाळत राहिली.

आता बोल, त्यानं स्वतःला सांगितलं. अरे बोल, गाढवा!

"भरलेले दिसतात," वहिनी म्हणाली. "शेवटी किती वाळले होते. इथे बरे दिसतात." मग म्हणाली, "पाटी कुठेय? वाचा ना."

शिंपी पाटीसमोर उभा राहिला. स्वतःचं नाव त्याच्या डोळ्यांसमोर चकाकत होतं. त्यानं वाचलं, "शहराच्या बँडचा पहिला ट्रंपेट." थांबला. आणि मग त्यानं पहिल्याचं नाव घेतलं. पहिल्याच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून.

"बाबा, अहो हे काय..." लेकीचा हात पलंगपोसावर थांबला. तिनं बापाकडे बघितलं. बापानं तिच्याकडे बघितलं. जे एवढ्या वर्षांत सांगता आलं नव्हतं ते त्या एका नजरेत तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला आणि ती एकदम खाली बघू लागली.

"पुन्हा वाचा," वहिनी म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

"आता ते बटण दाबा. ऐकू द्या."

लेकीनंच बटण दाबलं. ढोलाचे दोन ठोके पडले, आणि दार उघडून माणसं आत घुसली. मालक, मॅनेजर, सजावटवाल्या बाई, पेपरवाले, अत्तरांचे वास. सूर त्या कलकलाटात बुडून गेला.

"अरे, हे तर आधीच आलेत!" मॅनेजर उत्साहानं ओरडला. "मंडळी, हेच ते! भिंतीवरचा माणूस तुमच्यासमोर उभा आहे. शहराच्या बँडचा पहिला ट्रंपेट!" आणि त्यानं शिंप्याचं नाव घेतलं, पाटीवरचं, संपूर्ण. टाळ्या पडल्या.

वहिनीचा हात अजून भिंतीवरच होता. तो हळूच खाली आला. तिनं शिंप्याच्या दिशेनं तोंड वळवलं, बरोब्बर तो उभा होता तिथे.

"आजी, तुम्ही जरा बाजूला होता का?" फोटोवाला म्हणाला. "फ्रेममध्ये येताय."

"हो हो," वहिनी म्हणाली. "होते ना." आणि हातानं हवा चाचपत बाजूला झाली. लेक धावली, तिनं वहिनीला सावरून बाहेर नेलं. शिंप्याला पाऊल उचलायचं होतं, पण मालकांचा हात त्याच्या खांद्यावर होता, दुसऱ्या बाजूला बाई होत्या, आणि पाच-सहा कॅमेरे समोर. त्यानं बाहीनं डोळे टिपले. लोकांना वाटलं, आनंदानं. एका बाईंनी तर स्वतःचा रुमाल काढून त्याला दिला.

सुटका झाल्यावर तो व्हरांड्यात आला. वहिनी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. लेक जिन्याशी पाठमोरी उभी होती, खिडकीतून बाहेर बघत.

"झाले का फोटो?" वहिनीनं विचारलं.

"वहिनी, मी गेलो होतो त्यांच्याकडे. सगळं सांगितलं. शप्पथ सांगतो, मी..."

"गेला असाल हो. तुम्ही उभ्या जन्मात कुणाशी मोठ्यानं बोललात का, तर आता बोलाल?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणं त्याला जास्त लागलं. "हे म्हणायचे, मुक्यासारखा शेजारी नाही. कानाशी कुणी फुंकत नाही."

शिंपी तिच्या पायाशी बसला. गुडघे वाजले.

"वाचलंत ना पण तुम्ही," ती म्हणाली. "दोनदा वाचलंत. तेवढं झालं."

"ती कॅसेट तरी मागून आणतो मी."

"चिकटवून टाकलीय म्हणे काचेत. तुमची लेक सांगत होती."

आत कुणीतरी पुन्हा बटण दाबलं असावं. उघड्या दारातून ढोल ऐकू आला, मग झांजा, आणि त्यांच्यावरून, आरपार, पहिल्याचा ट्रंपेट. आतले लोकही या वेळी गप्प झाले. वहिनी ताठ बसली. तिनं एक हात वर केला, शिंप्याला थांबवण्यासाठी, जरी तो काहीच बोलत नव्हता.

"थांबा हां, आता तो लांबचा सूर येईल. मास्तरांचा हात खाली यायचा तरी हे सोडायचे नाहीत. बागेतले लोक म्हणायचे, अरे श्वास घे रे, मरशील! ऐका आता..."

ट्रंपेट चढू लागला. एक पायरी, दुसरी, तिसरी. शिंप्याची बोटं आपसूक गुडघ्यावर हलली. आणि खट्कन आवाज होऊन सगळं थांबलं.

"चाळीस सेकंदांचंच ठेवलंय," आतून मॅनेजर कुणाला तरी सांगत होता. "पाहुण्यांना तेवढं पुरतं."

वहिनीचा हात तसाच वर होता.

"संपलं का हो?" तिनं विचारलं.

शिंप्यानं गुडघ्यावरची बोटं उचलली. "नाही, वहिनी," तो म्हणाला. "कापलंय."

तिनं मान हलवली. मग हात खाली घेतला आणि उठण्यासाठी त्याचा खांदा शोधू लागली.